दुरुस्ती आणि फेरबदल

जुन्या बाजारात एखादी उत्तम वस्तू भंगाराच्या भावात मिळाली, की ती घरी आणून पुन्हा चालती करण्याची हौस काही जणांना असते. ही हौस मला आदरणीय वाटते. मात्र तिच्यात एक मोह दडलेला असतो. दुरुस्ती करता करता माणूस फेरबदल केव्हा करू लागतो, हे त्याचे त्यालाच कळत नाही. काही वर्षांपूर्वी ध्वनिक्षेपकांची, म्हणजे स्पीकरची, एक जुनी जोडी मी विकत घेतली, तेव्हा हा मोह मलाही पडला होता.

अमेरिकेतील ‘अकूस्टिक रिसर्च’ या कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेल्या ‘एआर-थ्री-ए’ या प्रकारची ती जोडी होती. या कंपनीचे एक संस्थापक एडगर विल्चर यांनी १९५४ साली स्पीकरच्या रचनेत मोठा बदल घडवून आणला. तोवर खर्जाचे स्वर नीट उमटावेत म्हणून कपाटाएवढ्या पेट्या लागत. विल्चर यांनी पेटी लहान केली आणि ती हवाबंद केली. स्पीकरचा कागदी शंकू बाहेर आला की कोंडलेली हवा त्याला आत ओढते. आत गेला की बाहेर लोटते. या यंत्रात हवा हाच स्प्रिंगसारखा काम करणारा एक भाग आहे. पेटीला कोठे फट पडली, की तो भाग नाहीसा झाला असे समजावे.

माझ्या जोडीचे तेच झाले होते. बारा इंची स्पीकरचा शंकू फोमच्या ज्या वर्तुळाकार कडेने सांगाड्याला जोडलेला असतो, ती कड बोट लागताच चिकट भुकटी होऊन गळून पडली. हा वापराचा दोष नव्हे. अशा प्रकारचा फोम दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने आपोआप विरत जातो, स्पीकर एकदाही वाजवला नाही तरी. विकणाऱ्याने मात्र तो ‘जळला’ असे ठरवून टाकले होते. मीटर लावून पाहिले, तर आतील तारेचे वेटोळे शाबूत होते.

शहराच्या जुन्या बाजारात लाऊडस्पीकर दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांनी शंकू पाहिला आणि म्हणाले, “साहेब, हा काढूनच टाका. मांडवात वाजतो तसा कडक कोन बसवून देतो. आवाज दुप्पट येईल.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ज्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांना मोठाच आवाज हवा असतो. परंतु हवाबंद पेटीतील शंकू सैल, लवचिक कडेवरच डोलला पाहिजे. कडक कड बसवली, तर पेटीतील हवेला करण्यासारखे काही उरतच नाही. मी नकार दिला. तेही रागावले नाहीत.

पुढे फोमची नवी कड मिळवून मी घरीच काम आरंभले आणि पहिल्याच प्रयत्नात फसलो. शंकू केसभर एका बाजूला सरकला, वेटोळे चुंबकाला घासू लागले आणि प्रत्येक स्वराबरोबर खरखर ऐकू येऊ लागली. निमूटपणे पुन्हा त्याच दुकानात गेलो. शंकूच्या मधली टोपी अलगद काढून वेटोळे आणि चुंबक यांच्यामधील फटीत सिनेमाच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या चहूबाजूंनी कशा सरकवाव्यात, हे त्यांनी दाखवले. पट्ट्यांमुळे वेटोळे मधोमध राहते. गोंद पूर्ण वाळल्यावर त्या काढून घ्यायच्या आणि टोपी परत चिकटवायची. आकृत्या वाचून मला हवेचे तत्त्व समजले होते. हाताला जे समजायला हवे, ते मात्र त्यांच्यापाशी होते. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला प्रमाणपत्र नसते, म्हणून ते हलके मानले जाते. मला तो मोठा अन्याय वाटतो.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. पेटीत खर्जाचे, मधले आणि तीव्र स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे वळवणारे एक मंडल असते. त्यातील कपॅसिटर जुने झाले की त्यांचे मूल्य ढळते. एका जाणकार स्नेह्यांनी सल्ला दिला, की सगळेच काढून महागडे, आधुनिक कपॅसिटर बसवावेत. मी प्रत्येक भाग मोजला. जे दोन ढळले होते, तेवढेच बदलले आणि तेही मूळच्याच मूल्याचे घेतले. बाकीचे तसेच ठेवले. कपॅसिटरच्या अंगचा किरकोळ विरोधसुद्धा मूळ रचनाकाराच्या हिशेबात धरलेला असू शकतो. आपण ‘अधिक शुद्ध’ भाग घालतो, आणि तीव्र स्वर कानाला टोचू लागतात.

वस्तू माझी आहे, तिचे मी हवे ते करीन, असे कोणी म्हणेल. जरूर करावे, फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी त्या ग्रंथात आपली कविता मिसळली नाही, उलट कोणी तशी मिसळू नये असे बजावले. लाकडी पेटीची तुलना त्या ग्रंथाशी करणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. पण दोन्हीकडे हाताला आवर घालावा लागतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

शेवटी पेटी बंद केली आणि मोठा शंकू हलकेच आत दाबून सोडला. तो झटक्यात उसळला नाही, सावकाश जागेवर आला. हवा कोंडली गेल्याची ती खूण होती. डाव्या पेटीतील तीव्र स्वरांचा स्पीकर उजवीकडच्यापेक्षा किंचित क्षीण आहे. तो मी बदललेला नाही. मागचे बटण थोडे फिरवले की भागते. काय बदलले, केव्हा बदलले आणि काय मूळचे आहे, याची नोंद लिहून तो कागद मी पेटीच्या मागे चिकटवला आहे. त्यात डाव्या स्पीकरचीही एक ओळ आहे.