पंजाबचे चित्र आणि बिननावाची मजूर

अभिषेक चौबे दिग्दर्शित 'उडता पंजाब' (२०१६) या चित्रपटाविषयीची चर्चा परीनिरीक्षण मंडळाच्या कात्रीपाशी सुरू झाली आणि बहुतांशी तेथेच संपली. पंजाबचा नामोल्लेख वगळावा, असा मंडळाचा आग्रह होता. १३ जून २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एक काटछाट आणि सुधारित निवेदन एवढ्यावर चित्रपट मोकळा केला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु मंडळ आणि त्याचे विरोधक एकाच गृहीतकावर उभे होते, हे समीक्षेच्या ध्यानात आले नाही. चित्रपट म्हणजे एका प्रांताचा अहवाल, हे ते गृहीतक. एकाने अहवाल खोटा ठरविला, दुसऱ्याने खरा. कलाकृती म्हणून त्याची संहिता वाचण्याचे काम दोघांनीही केले नाही.

संहिता वेगळेच सांगते. सीमेपलीकडून थाळीफेकीच्या आवेशात भिरकावलेले हेरॉइनचे पुडके शेतात पडते आणि बिहारमधून आलेल्या, एके काळी हॉकी खेळलेल्या शेतमजूर मुलीच्या हाती लागते. ते विकून सुटका होईल, असे तिला वाटते. पुढे भयाने ती ते विहिरीत टाकते. त्या फेकण्याची किंमत तिच्या देहाकडून वसूल केली जाते. गायक, फौजदार, डॉक्टर या तिघांना नावे, घरे, व्यवसाय आहेत. हिला बराच काळ नावच नाही. अखेरीस ती 'मेरी जेन' हे नाव सांगते, आणि ते इंग्रजीत गांजाचे बोलीनाव आहे. ज्या मजुराने माल फेकून दिला, तिलाच मालाचे नाव मिळते. या उपरोधाला निव्वळ विनोद म्हणून बाजूला सारणे हा वाचनाचा आळस आहे. तथापि, दिग्दर्शकालाही येथे पूर्णतः निर्दोष ठरविता येणार नाही. तिचे गाव तिच्या आठवणीपलीकडे फारसे उरत नाही आणि तिच्या सुटकेच्या वाटेवर कथन पश्चात्तापदग्ध गायकाला आणून उभे करते.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाने तरी हा चित्रपट 'पंजाबचा प्रश्न' म्हणून दूर सारू नये. या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. लगतच्या नागपूर, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांत ती नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडताच बाटलीचा भाव बदलतो, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दारू आणि हेरॉइन एक नव्हेत, राज्यांच्या नि राष्ट्रांच्या सीमाही एक नव्हेत. परंतु निषेध आणि हद्द मिळून नफा निर्माण करतात, ही यंत्रणा समान आहे. जप्तीच्या बातमीत बाटल्या मोजल्या जातात, वाहनाचे वर्णन येते, मुद्देमालाची किंमत येते. माल वाहणारा केवळ 'आरोपी' असतो. तो शेती वा मजुरी सोडून या धंद्यात का आला, हा प्रश्न बातमीच्या चौकटीबाहेर राहतो. समीक्षेने 'उडता पंजाब'विषयी लिहिताना याच बातमीची भाषा उचलली आहे.

अमली पदार्थांची समस्या मांडली, म्हणून चित्रपटाला गुण देणारी समीक्षा आशयाची यादी करते. स्थलांतरित मजुराला कथनात कोणते स्थान, कोणते नाव आणि किती वाणी मिळते, हे तपासणे तिला जड जाते. मंडळाने पंजाबचे नाव खोडू पाहिले, त्याविरुद्ध आवाज उठला. बिहारच्या मुलीचे नाव कथनात नव्हतेच, त्याविषयी मात्र कोणाचीही तक्रार नव्हती.