अवकाळी पाऊस आणि कच्ची वीट

आमच्या कसाऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी, फाल्गुनात पहाटे गोधडी लागते आणि दुपारी डोके तापते. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे वाहू लागले, की समुद्राचे गार वारे उशिरा पोचतात आणि कोकणपट्टीत पारा एकदम चढतो. मधेच आभाळ भरून येते. ६ व ७ मार्च २०२३ रोजी, ऐन होळीत, ठाणे-मुंबईत अवकाळी पाऊस झाला, हे वाचकांना आठवत असेल.

अशा पावसाने आंब्याचा मोहोर गळतो, तशीच शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर वाळत घातलेली कच्ची वीटही विरघळते. मजुरी मिळते हजार विटांवर. भिजलेली वीट मालकाने हिशेबात धरली नाही, तर नवरा-बायकोची मध्यरात्रीपासूनची मेहनत चिखलात जाते आणि घेतलेली उचल अंगावर तशीच राहते. शेताचा पंचनामा होतो. या मेहनतीचा कोण करणार?

म्हणून भट्टीवरील बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे : पाडलेल्या विटांचा आकडा रोजच्या रोज वहीत लिहा, त्यावर मुकादमाची सही घ्या. स्वतःला लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहून घ्या. पाऊस सांगून येत नाही. तो येण्याआधी आकडा कागदावर असला पाहिजे.