तळ्यातला पाहुणा



शेततळ्यासाठी बोटुकली आणायची म्हटली की ‘साहेब, लवकर वाढणारी जात सांगा’ हेच मी ऐकतो. म्हणून आज इंग्लंडची हकिगत सांगतो.

तिकडच्या ओढ्यांत क्रेफिश नावाचा प्राणी असतो. अंग कोळंबीसारखे, नांग्या खेकड्यासारख्या. १९७०च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून अमेरिकेतला मोठा, झपाट्याने वाढणारा सिग्नल क्रेफिश तळ्यांत पाळला. पण हा प्राणी जमिनीवरूनही चालतो! तळ्यांतून तो नद्यांत शिरला.

त्याच्याबरोबर बुरशीसारखा एक रोग आला. त्याला स्वतःला रोगाचा फारसा त्रास नाही. देशी, पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश मात्र त्याने मरतो. ओढेच्या ओढे रिकामे झाले. रोगाचे बीज ओल्या जाळ्याबरोबर, बुटाबरोबरही पुढे जाते. शिवाय हा पाहुणा माशांची अंडी, गोगलगायी खातो आणि काठ पोखरतो. बांधात खेकड्यांनी बिळे केली की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. सापळे लावले, तर मोठे सापडतात, पिल्ले मागे राहतात. उरलेले देशी क्रेफिश आता जुन्या खाणींतल्या अलग पाण्यात नेऊन जगवतात.

आपल्याकडे विदेशी मांगूर त्याच वळणाचा. इतर मासे फस्त करतो, म्हणून २००० साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. तरी ‘थाई मांगूर’ म्हणून बीज विकणारे भेटतातच. जात विचारून घ्या. रोहू, कटला, मृगळ पुरे आहेत. सांडव्याला बारीक जाळी लावा, आणि उरलेली बोटुकली ओढ्यात सोडू नका.