पायपेटीचा सूर

खामगावच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेस बालपणी मी जी गायने म्हणत असे, त्यांतील पुष्कळशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. आणि ती अभंगाच्या वळणाने जाणारी असल्यामुळे, शेगावच्या वाटेने निघालेल्या दिंडीतला सूर आमच्या देवळातल्या सुरास परका आहे, असे मला कधी वाटले नाही. साथीस पायपेटी असे. दोन्ही पायांनी भाता चालवावयाचा, दोन्ही हातांनी स्वर धरावयाचे आणि आवाज वाढवावयाचा झाला म्हणजे गुडघ्याने बाजूची पट्टी रेटावयाची. पाय क्षणभर थबकला की सूर धाप लागल्यासारखा खाली बसे, म्हणून वादकाचा व गाणाऱ्याचा दम एक झाल्यावाचून कडवे पुरे होत नसे.

पुढे मुंबईत 1718 सालच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये वृंदगायनास उभी राहिले, तेव्हा तोंड मिटल्यावरही आपलाच सूर छताखाली रेंगाळतो हे प्रथम अनुभवले, आणि तो विरेपर्यंत पुढची ओळ न उचलण्याचा संयम तेथेच शिकले. तेवीस वर्षे बंद राहिलेले रॉयल ऑपेरा हाउस 2016 च्या ऑक्टोबरात पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने पुन्हा उघडले, त्या रात्री मी वरच्या सज्जात होते. पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते 1911 साली उद्घाटन झालेल्या त्याच वास्तूत पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, याचे स्मरण होऊन मन भरून आले. बालगंधर्वांच्या साथीस थिरकवाखाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे, आणि त्यांच्याबरोबर हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, म्हणजे आमच्या देवळातलीच पायपेटी! साहेबाच्या प्रार्थनेचे वाद्य नाट्यपदाच्या अंगणात इतके रुळले की त्यास परके म्हणण्याचा अधिकार आता कोणासही उरलेला नाही.

असे असता आमच्या खामगावच्या जिल्ह्यात त्या पेट्यांची गत काय आहे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मंडळ्यांच्या अडगळीत पडलेल्या पायपेट्यांची साधी नोंद कोणत्याही दप्तरात मला आढळली नाही. माझ्या मते प्रत्येक मंडळीने आपल्या पेटीवरील कारखान्याचे नाव व क्रमांक उतरून घ्यावा, हयात वादकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात मुद्रित कराव्यात, आणि दुरुस्तीच्या खर्चाची तजवीज जिल्ह्यातील नाट्यरसिकांनी मंडळीच्या खांद्यास खांदा लावून करावी. कारण हा वारसा दोघांचा आहे.

एका गावी अशीच एक पेटी वजनावर मोडीत निघाली, तेव्हा मी तेथे वेळेवर पोहोचू शकले नाही. भात्याचे चामडे उंदरांनी कुरतडलेले होते, पट्ट्यांवरचे हस्तिदंत निघाले होते. भंगारवाल्याच्या गोणीतून एक पितळी सूर मी मागून घेतला, ओढणीने पुसला आणि ओठांशी धरून फुंकला. तो अजून खरा बोलत होता.