सणानंतरचे आठ दिवस

कोकणातल्या घरांना वर्षातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी लागते. एक गणपतीत आणि दुसरी, आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी, नाताळात. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ या भागात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. डिसेंबरची २० तारीख उलटली की मुंबईच्या गाड्या भरून येऊ लागतात. अंगणात तारा लागतो, मुले गवत-माती गोळा करून गोठा मांडतात, दोदोल घोटता घोटता बायकांचे हात दुखून येतात, नेवऱ्यांचे डबे भरतात. २४ तारखेच्या मध्यरात्री मिस्सा, २५ला जेवणावळ, शेजारीपाजारी फराळाची ताटे. आणि मग २७-२८ला, फार तर १ जानेवारी करून, बॅगा भरून मंडळी निघून जातात. मागे उरतात दोन म्हातारी माणसे. पुष्कळ घरांत एकच. अंगणातला तारा तेवढा लुकलुकत असतो.

सण जवळ आला की आम्ही डॉक्टर मंडळी सल्ले द्यायला पुढे सरसावतो. तळलेले कमी खा, गोड जपून खा, पिऊन गाडी चालवू नका. सल्ला चुकीचा नाही. पण इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की सणाच्या दिवसांपेक्षा सणानंतरच्या आठ दिवसांची काळजी जास्त घ्यायला हवी. सणात घरात दहा माणसे असतात. कुणाला काही झाले तर उचलून आणायला चार हात असतात. नंतरच्या सामसुमीत दुखणे डोके वर काढते तेव्हा पाहायला कुणी नसते.

दुखणे नेमके तेव्हाच का डोके वर काढते, याला कारणे आहेत.

पहिले कारण मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही होणार नाही इतकेच मीठ खावे. सणाच्या ताटात सोरपोतेल, लोणचे, तळण, फरसाण अशी सगळी मिळून ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्या अंगात हे पाणी हळूहळू साठते. २५ तारखेचे जेवण म्हणून २५ला बोलत नाही. ते २९-३०ला बोलते. पाय सुजतात, चप्पल घट्ट होते, रात्री उशी उंच घ्यावी लागते, आडवे झाले की दम लागतो.

शिवाय म्हाताऱ्यांचा सण पाहुण्यांबरोबर संपत नाही. सोरपोतेल मुरल्यावरच चांगले लागते हे खरे, आणि व्हिनेगरमुळे ते चार दिवस टिकतेही. पण उरलेले टाकायचे कसे, म्हणून तेच रोज तापवून आटवून खाल्ले जाते. मुलांनी आवडीने खाल्ले एक दिवस, आईबाप खातात आठवडाभर. नेवऱ्यांच्या डब्याच्या तळाशी उरलेले तुकडे संपवायची जबाबदारीही मधुमेह असलेल्या आजीकडेच येते.

दुसरे कारण याच्या अगदी उलट आहे, आणि ते फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पोरे गेल्यावर काही म्हातारी माणसे जेवेनाशीच होतात. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार? सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वाटीभर पेज, रात्री काहीच नाही. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मात्र नेमाने घेतले जाते, किंबहुना सणात गोड झाले म्हणून मनानेच थोडे वाढवलेले असते. पोटात अन्न नाही आणि औषध पुरे, अशाने रक्तातली साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटे वाट पाहा, फरक नसेल तर पुन्हा द्या, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालून दवाखान्यात आणा, कारण काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. जेवण कमी झाले असेल तर औषध किती घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका.

तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. सणात दुखणे लपवले जाते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २८ डिसेंबरला एक सत्तरीच्या आजी शेजारणीचा हात धरून माझ्याकडे आल्या. अंगात त्राण नाही, घाम येतो, अन्न जात नाही, पायरी चढली की दम लागतो. मी काही विचारण्याआधीच शेजारीण म्हणाली, "पोरां काल गेली, डॉक्टरानू. म्हणान तिका करमणा नाय." आजींना बरीच वर्षे मधुमेह. हृदयाचा आलेख काढला तर झटका येऊन गेलेला. खोदून विचारल्यावर कळले की २५च्या सकाळपासूनच त्यांना बरे वाटत नव्हते. मग घरात मुलगा, सून, लेक, जावई असताना सांगितले का नाही? आजी म्हणाल्या, "पोरां चार दिस इली हत, त्यांका कित्याक सांगूचा? त्यांचो सण मोडलो असतो."

आजींना तातडीने मोठ्या इस्पितळात हलवले. त्या वाचल्या. पण तीन दिवस फुकट गेल्याने हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. मधुमेह्यांमध्ये, बायकांमध्ये आणि वृद्धांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत कळ न येताच येतो. थकवा, घाम, मळमळ, दम एवढीच खूण असते, आणि ती "करमत नाही" या शब्दाखाली सहज झाकली जाते.

हे एकट्या कोकणातले नाही. अमेरिकेत १९७३ ते २००१ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यू वर्षात सर्वांत जास्त २५ डिसेंबरला, त्याखालोखाल २६ डिसेंबरला आणि मग १ जानेवारीला आढळले. सणासुदीत माणसे दवाखान्यात जाणे लांबवतात, हे त्याचे एक कारण असावे असे संशोधकांना वाटले. स्वीडनमधला अभ्यास २०१८ साली आला. तिथे नाताळ २४ तारखेच्या संध्याकाळी साजरा होतो. त्या दिवशी झटक्याचे प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त होते, आणि पंचाहत्तरीपुढचे व मधुमेह असलेले लोक त्यात अधिक सापडले. तो थंड मुलुख, आपला उष्ण. पण सण मोडू नये म्हणून दुखणे गिळणारी आई सगळीकडे सारखीच असते.

आता मनाचे पाहू. घर रिकामे झाल्यावर दोन-चार दिवस उदास वाटणे हा आजार नव्हे. नातवाची विसरलेली चेंडू-फळी पाहून डोळ्यांत पाणी आले तर त्यावर गोळी नसते, आणि ती मागूही नये. पण ही उदासी दोन आठवडे झाले तरी हटत नसेल, झोप उडाली असेल, चर्चला किंवा बाजारात जावेसे वाटत नसेल, "आता कशाला जगायचे" अशी भाषा सुरू झाली असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. वृद्धांमध्ये नैराश्य अनेकदा "अंग मोडून येते", "पोट साफ होत नाही" अशा तक्रारींच्या रूपाने येते. आणि उलट, थायरॉईडची कमतरता, रक्त कमी असणे, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरणे, यांनीही माणूस मलूल आणि उदास दिसतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की "पोरे गेली म्हणून" हे निदान कुणीही परस्पर करू नये. शेजाऱ्यांनी नाही, मुलांनी फोनवर नाही, आणि आम्ही डॉक्टरांनी तर नाहीच. आधी तपासावे, मग म्हणावे.

यावर उपाय काय? माझा उपाय औषधाचा नाही, रजेचा आहे. मुंबई-पुण्याला, आखातात असलेल्या मुलांनो, सगळी भावंडे एकाच दिवशी येऊन एकाच दिवशी परत जाऊ नका. चार भावंडे असाल तर एकाने आपली रजा मागे सरकवावी. सणाला दोन दिवस उशिरा यावे, पण नंतरचे आठ दिवस राहावे. चर्चच्या पंचांगातही नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो. परंपरेने तो बारा दिवसांचा, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत. शेजारच्या गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली इथे ते फेस्त आजही थाटाने होते. तेव्हा जो मागे राहील त्याचा सण बुडत नाही. उलट तोच सण पुरा करतो.

मागे राहणाऱ्याने करायचे तरी काय? विशेष काही नाही. आईचा रक्तदाब आणि साखर तपासून आणावी. औषधांची पिशवी काढून कुठली गोळी संपली, कुठली दोनदा घेतली जाते ते पाहावे. सलग चार दिवस सकाळी वजन करावे. हृदयाचा त्रास असलेल्याचे वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोंनी वाढले तर ते मांस नव्हे, पाणी आहे, लगेच दाखवावे. उरलेले मटण आणि गोड गावात वाटून टाकावे. पेज, मुगाची आमटी, पालेभाजी, ताजा मासा असे साधे जेवण बरोबर बसून जेवावे. संध्याकाळी पाय मोकळे करायला न्यावे. आणि एकदा शांतपणे विचारावे, "सणात काही दुखत होते का?" पाहुण्यांच्या गलक्यात न मिळालेले उत्तर तेव्हा मिळते.

ज्यांना राहणे शक्यच नाही त्यांनी निघताना शेजाऱ्याचा नंबर घ्यावा आणि आठ दिवस रोज एका ठरलेल्या वेळी फोन करावा. "जेवलीस का?" असे विचारू नये, "हो" हेच उत्तर येते. "काय जेवलीस?" असे विचारावे. आणि शेजाऱ्यांनो, नाताळचे ताट तुमच्याकडे आले होते ना? ते ताट रिकामे परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. २८-२९ तारखेला वाटीभर गरम आमटी घालून स्वतः जाऊन द्या, दोन मिनिटे टेका, पायांकडे नजर टाका. दम, घाम, छातीत जडपणा असे काही दिसले तर वाट न पाहता १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

शेवटी एक सांगतो. सामसूम वाईट नसते. जागरणे, धावपळ, गर्दी यांनंतर शरीराला तिची गरजच असते. दुपारची झोप, हलके जेवण, अंगणातले कोवळे ऊन, यासारखे टॉनिक माझ्या कपाटात नाही. वाईट असते ती कुणीच चौकशी न केलेली सामसूम. यंदा तारा उतरवण्याची घाई करू नका. तो ६ जानेवारीला उतरवा, आणि उतरवायला स्टुलावर म्हाताऱ्याला चढू देऊ नका. त्या कामासाठी तरी घरातले एक तरुण माणूस मागे ठेवा.