नक्षत्रे पंचांगात, पाऊस अंगणात

मृग नक्षत्र जवळ आले की मराठी घरांतून एक प्रश्न हमखास कानी पडतो, "यंदा वाहन कोणते?" भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान उलटले जाते आणि उत्तर मिळते. हत्ती, म्हैस, बेडूक म्हटले की समाधान, कोल्हा म्हटले की कपाळाला आठी. एवढ्यावर चर्चा संपते आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. अंगणात जाऊन आभाळाकडे पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही. पावसाच्या नक्षत्रांचा जो मोठा वारसा आपल्याकडे आला, त्याचे टरफल आपण जपले आणि गर मात्र हातचा जाऊ दिला, असे खेदाने म्हणावे लागते.

हा वारसा नेमका काय आहे? सत्तावीस नक्षत्रांतून सूर्याची वर्षभराची फेरी होते. एका नक्षत्रात तो साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. तेथपासून आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त अशी नऊ नक्षत्रे पावसाची मानली जातात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हस्त संपतो. म्हणजे हा हंगाम सुमारे सव्वाशे दिवसांचा झाला. आजचे हवामानशास्त्र नैर्ऋत्य मोसमी पावसासाठी १ जून ते ३० सप्टेंबर असे १२२ दिवस धरते. दोन्ही हिशेब किती जवळ आले, हे पाहण्यासारखे आहे.

सणांसाठी चांद्रमास मानणाऱ्या आपल्या समाजाने शेतीसाठी मात्र सूर्याची नक्षत्रे निवडली, यामागे शहाणपण होते. अधिक मासामुळे चांद्र महिना मागेपुढे सरकतो. २०२२ साली नागपंचमी २ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ती २१ ऑगस्टवर गेली. मृग मात्र दोन्ही वर्षी आपल्या जागी होता. पेरणीला असा न हलणारा खुंटा हवा असतो, हे नांगर धरणाऱ्या माणसाला ठाऊक होते.

या खुंट्याभोवती निरीक्षणाचे आणि भाषेचे केवढे भांडार जमले! पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. कोकणात रोहिणीतच कोरड्या मातीत भात पेरायचे, ती धूळवाफ. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर देशावरच्या शेतांत मखमली लाल किडे दिसू लागत आणि पोरे त्यांच्यामागे धावत. हस्त लागला की पाटावर हत्ती रेखून त्याच्याभोवती मुलींचा हादगा सुरू होई, तो सोळा दिवस चाले. वळीव, झड, भुरभुर, सर, उघडीप हे शब्द काही कवींनी लिहिण्याच्या मेजावर घडवलेले नाहीत. पागोळ्यांखाली आणि बांधावर उभे राहून पाहणाऱ्यांचे ते शब्द आहेत. आज शहरातल्या मुलाच्या पदरी 'खूप पाऊस' आणि 'कमी पाऊस' एवढीच दोन मापे उरली आहेत.

वाहनाची गोष्ट याहून वेगळी आहे. ते काढण्याची रीत सरळ अंकगणिताची आहे. सूर्य नव्या नक्षत्रात जाईल त्या वेळी त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे. या गणितात ना वाऱ्याला स्थान आहे, ना समुद्राला, ना सह्याद्रीला. जे वाहन आंबोलीला, तेच माण तालुक्याला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माणदेशात तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो. दोघांना एकच बेडूक वाहून नेईल, असे कसे मानावे? घरोघरी होणाऱ्या गमतीच्या चर्चेपुरते वाहन असू द्यावे. त्याला पूर्वजांचे हवामानशास्त्र म्हणून मिरवणे हा पूर्वजांवरच अन्याय आहे.

कारण आपले पूर्वज मोजणारे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी कोठारात भांडे ठेवण्याची आज्ञा आहे. इतकेच नव्हे, तर कोणत्या प्रदेशात किती पाऊस, हेही तेथे वेगवेगळे दिले आहे. अवंतीसाठी २३ द्रोण, गोदाकाठच्या अश्मकासाठी त्याहून बराच कमी आणि अपरान्तासाठी, म्हणजे आपल्या कोकणासाठी, अमित. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही पर्जन्यमापनाचा विचार आहे. स्थळागणिक पाऊस बदलतो आणि म्हणून तो स्थळागणिक मोजला पाहिजे, ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे.

या दृष्टीची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ रोजी अनुभवली. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्या आत. एकाच शहरात जर एवढे अंतर, तर जिल्ह्याच्या सरासरीवर गावाने किती विसंबावे?

आता तर ऋतूच आपली वहिवाट मोडू लागले आहेत. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला, मृग उलटून आर्द्रा लागल्यावर पोहोचला. २०२५ साली तो २६ मे रोजी, रोहिणीतच दारात उभा राहिला. "मृग साधलाच पाहिजे" या हट्टाने बी मातीत टाकणाऱ्याला अशा वर्षी दुबार पेरणीचा फटका बसतो. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली आणि सावकाराचे दार मात्र उघडे राहिले. पुरेशी ओल होईपर्यंत, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत, पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभाग वारंवार सांगतो तो याचसाठी.

यावर कोणी म्हणेल की, मग नक्षत्रे सोडूनच द्यावीत. तसे मुळीच नाही. अयनचलनामुळे नक्षत्रांच्या तारखा दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतात. शिवछत्रपतींच्या काळी मृग आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. वराहमिहिराच्या काळापासून तर हे अंतर तीन आठवड्यांचे झाले आहे. तरीही नक्षत्रांचे हे कोष्टक टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोक पाहत राहिले आणि पाहिलेल्याशी ठोकताळे जुळवत राहिले. ते पाहणे थांबले, तर कोष्टक निर्जीव होईल. मग त्याचा अभिमान धरला काय आणि त्याची टिंगल केली काय, दोन्ही सारखेच.

म्हणून या वर्षी एक छोटा संकल्प करावा. सरळ कडांचा एखादा डबा घ्यावा आणि झाडाच्या वा छपराच्या आडोशाबाहेर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते नोंद घेते त्याच वेळी, मुलांनी पट्टीने पाणी मोजावे आणि डबा रिकामा करावा. वहीत एका बाजूला नक्षत्र, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर आणि शेरा म्हणून आजीकडून ऐकलेला पावसाचा एखादा शब्द लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे कळले की आपल्या छपरावरून किती पाणी वाहून गेले, हा हिशेब मूल स्वतःच मांडू लागेल आणि नळाखाली भरून वाहणारी बादलीही आपणहून बंद करील.

सोसायटीत, शाळेत, गावच्या मंदिराच्या आवारात अशी एकेक वही सहज सुरू होऊ शकते. तिला ना निधी लागतो, ना परवानगी. चिकाटी तेवढी लागते. दहा वर्षांनी त्या गावाकडे स्वतःच्या पावसाची स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद असेल. पुढच्या वेळी "यंदा वाहन काय?" असे कोणी विचारले, तर त्याला मागल्या वर्षी मृगात आपल्या अंगणात किती मिलिमीटर पाऊस पडला, तेही सांगता यावे.