ड्रायव्हर परततो, मांडणी परतत नाही

‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच. साहजिकच कार्यालये आणि दुकाने नव्या प्रणालीकडे वळत आहेत. चर्चा होते ती नव्या संगणकाच्या खर्चाची. प्रणाली कोरी बसवली की प्रिंटर, स्कॅनर, ध्वनी यांचे ड्रायव्हरही नव्याने चढतात आणि वर्षानुवर्षे जुळवत आणलेली मांडणी पुसली जाते. हा तोटा मात्र हिशेबात धरला जात नाही.

मुळात प्रश्न आहे तो मांडणी राहते कुठे, हा. प्रिंटरला हाताने नेमून दिलेला आयपी पत्ता त्याच्या स्वतःच्या स्मृतीत असतो. ड्रायव्हर गेला-आला तरी तो ढळत नाही. कागदाचा आकार, दुहेरी छपाई, रंगांचे प्रमाण या निवडी मात्र बहुधा विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या डीटीपी केंद्राची सारी कमाई याच आकड्यांवर उभी असते. ‘पीएनपीयूटिल’ने ड्रायव्हरच्या फायली जपून ठेवता येतात, पण त्यांत या निवडी येत नाहीत. गफलत होते ती इथेच.

लिनक्सने ध्वनीपुरता हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. ‘आल्सा’चा ड्रायव्हर नव्याने चढला की साउंड कार्डच्या वाहिन्या मूक होत. त्यावर ‘आल्साक्टल’ हा छोटा प्रोग्रॅम आला. संगणक बंद होताना तो आवाजाच्या पातळ्या एका फायलीत लिहून ठेवतो आणि सुरू होताना पुन्हा बसवतो. इतकी साधी युक्ती प्रिंटरच्या बाबतीत सर्वांच्या हाती असू नये, हे नवलच.

उत्पादकांचे प्रिंटर-ड्रायव्हर ‘विंडोज अपडेट’मधून टप्प्याटप्प्याने बाद करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केले. त्यांची जागा सामायिक आयपीपी ड्रायव्हरने घ्यायची आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते रास्तच. पण उत्पादकाच्या खास सोयींसाठी मग त्याचे वेगळे ॲप घ्यावे लागेल, आणि जुन्या प्रिंटरसाठी ते निघेलच याची खात्री नाही. तोवर प्रणाली बदलण्यापूर्वी मांडणीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवणे आणि प्रिंटरचे स्वतःचे माहितीपत्र छापून घेणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.